एड शीरनला स्वतःचीच सीडी का नकोय? जुनं काम पुसून टाकायचा हक्क नेमका कुणाला असतो?

सप्टेंबर २०२० मध्ये ब्रिटनमध्ये एका सीडीचा लिलाव झाला. ही सीडी कुठल्या मोठ्या कंपनीनं काढलेली नव्हती. १३ वर्षांच्या एका मुलानं २००४ साली स्वतः गाणी लिहून, स्वतः गाऊन, स्वतःच काढलेल्या डेमोची ती एक प्रत होती. बोली थांबली ५० हजार पौंडांवर. तेव्हाच्या दरानं हे ४५ लाख रुपयांहून जास्त होतात.

त्या मुलाचं नाव एड शीरन. सीडीचं नाव ‘स्पिनिंग मॅन’.

खरी गंमत पुढे आहे. या लिलावाच्या बऱ्याच आधी शीरननं सांगून ठेवलं होतं की या सीडीच्या साधारण २० प्रती असतील, त्यातल्या १९ माझ्याकडेच आहेत आणि ही सीडी आणखी कुणाच्या हाती लागू नये अशी माझी इच्छा आहे. म्हणजे जी वस्तू कुणी ऐकू नये म्हणून तिचा कर्ताच गोळा करत बसला होता, तिच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी एका फ्लॅटच्या डाउन पेमेंटइतके पैसे मोजले.

बातमी म्हणून ही गोष्ट दोन मिनिटांत संपते. पण तिच्यात एक प्रश्न आहे, तो फक्त शीरनचा नाही. वयाच्या तेराव्या वर्षी केलेली गोष्ट तिसाव्या वर्षी आपल्याला नको असेल, तर ती परत घेता येते का? कायदा काय म्हणतो? आणि आज तेरा वर्षांचं पोर गिटार घेऊन मोबाइलसमोर बसतं, तेव्हा त्याच्यासाठी हे उत्तर काय असतं?

एकेक करून बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी

एड शीरन आपल्याकडे नवा नाही. मुंबईत त्याचे कार्यक्रम झालेत. मार्च २०२४ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर त्यानं दिलजीत दोसांझबरोबर पंजाबीत गाऊन दाखवलं, त्याचे रील तुम्हीही पाहिले असतील. २०२५ च्या भारत दौऱ्याची सुरुवात त्यानं पुण्यातून केली. त्याच वर्षी आलेल्या ‘सफायर’ या गाण्यात अरिजित सिंगचा सहभाग होता.

पण हा माणूस थेट स्टेडियममध्ये उतरला नाही. १९९१ चा जन्म, बालपण इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या फ्रॅमलिंगहॅम या छोट्या गावात. ‘स्पिनिंग मॅन’ २००४ चा. त्यानंतर २००५ मध्ये ‘द ऑरेंज रूम’ नावाची छोटी सीडी. मग २००६, २००७, २००९, २०१० असं जवळजवळ दर वर्षी काहीतरी स्वतःच काढायचं, कार्यक्रमात विकायचं आणि पुढच्या कार्यक्रमाला निघायचं. २००९ या एका वर्षात त्यानं ३१२ कार्यक्रम केल्याचं सांगितलं जातं. गिटार, आवाज आणि पायाखाली लूप पेडल, एवढंच सामान. जानेवारी २०११ मध्ये त्यानं स्वतःच काढलेली ‘नंबर फाइव्ह कोलॅबरेशन्स प्रोजेक्ट’ ही ईपी आयट्यून्सच्या यादीत वर गेली आणि मग मोठ्या कंपनीशी करार झाला. पहिला ‘अधिकृत’ अल्बम त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आला.

म्हणजे जगासाठी त्याची सुरुवात २०११ ची. त्याच्यासाठी त्याआधीची सात वर्षं आहेत आणि त्या सात वर्षांच्या अगदी तळाशी ‘स्पिनिंग मॅन’ आहे.

लाज वाटते म्हणून लपवतोय का?

पहिल्यांदा ऐकल्यावर असंच वाटतं. मोठा झालेला गायक, लहानपणीचं कच्चं गाणं, मग लाज. पण हे उत्तर पूर्ण बसत नाही. कारण हाच शीरन ‘द जोनाथन रॉस शो’ या ब्रिटिश टीव्ही कार्यक्रमात स्वतःहून आपलं लहानपणीचं एक रेकॉर्डिंग घेऊन गेला होता. त्यात त्याचा सूर साफ घसरलेला आहे. लोक हसले, तोही हसला. त्याचं म्हणणं होतं की गळा घेऊन कुणी जन्माला येत नाही, गाणं घासूनच येतं. हा घ्या पुरावा.

आता दुसरी गोष्ट. २०१५ मध्ये त्याच्या पाच जुन्या ईपी एका संचात पुन्हा बाजारात आल्या. त्या होत्या २००९ ते २०११ या काळातल्या. म्हणजे मोठ्या कंपनीच्या आधीचं, स्वतःच काढलेलं कामही त्यानं लोकांसमोर ठेवलं. फक्त सगळ्यात आधीचं ठेवलं नाही.

या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या की चित्र बदलतं. जुनं काम दिसू नये, असा त्याचा हट्ट नाहीच. त्यातलं कुठलं, किती आणि कधी दिसावं हे मी ठरवणार, असा आहे. टीव्हीवर वाजवलेली क्लिप त्यानं निवडली होती आणि ती का वाजवतोय हेही त्यानंच सांगितलं. विसावी सीडी मात्र त्यानं निवडलेली नाही.

हा फरक लक्षात ठेवा. शाळेतला फोटो आपण स्वतः ग्रुपवर टाकला तर सगळे मिळून हसतो. तोच फोटो दुसऱ्या कुणी न विचारता टाकला की राग येतो. फोटो तोच असतो, ठरवणारा बदललेला असतो.

५० हजार पौंड देऊन नेमकं काय विकत घेतलं?

इथे कायदा येतो आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. एका सीडीत तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात.

पहिली गोष्ट म्हणजे ती प्लास्टिकची चकती. ती एक वस्तू आहे, पुस्तकासारखी किंवा घड्याळासारखी. ज्यानं विकत घेतली, त्याची झाली. तो ती ऐकू शकतो, काचेच्या कपाटात ठेवू शकतो, उद्या दुप्पट भावानं विकू शकतो. शीरन त्याला ‘परत दे’ असं म्हणू शकत नाही. एकदा रीतसर विकलेली किंवा भेट दिलेली प्रत पुढे कुणाकडे जाते यावर लेखक-गायकाचा ताबा राहत नाही. रद्दीत गेलेलं पुस्तक अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळतं, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे गाण्याचे शब्द आणि चाल. यांचा कॉपीराइट ज्यानं रचना केली त्याचा. ब्रिटनमध्ये तो कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो. भारतात मृत्यूनंतर ६० वर्षं.

तिसरी गोष्ट म्हणजे ध्वनिमुद्रण, म्हणजे ते विशिष्ट रेकॉर्डिंग. याचा कॉपीराइट वेगळा आणि तो साधारणपणे रेकॉर्डिंग करवून घेणाऱ्याचा असतो. कंपनीनं पैसे घातले तर कंपनीचा. टेलर स्विफ्टला तिचे पहिले सहा अल्बम पुन्हा गाऊन काढायची गरज वाटली ती याचमुळे. गाणी तिनं लिहिलेली होती, मूळ रेकॉर्डिंगची मालकी मात्र दुसऱ्यांकडे होती. चार अल्बम तिनं पुन्हा काढले आणि शेवटी मे २०२५ मध्ये मूळ रेकॉर्डिंग विकतच घेतली. स्वतःच काढलेल्या डेमोचं याच्या उलट असतं. तिथे कंपनी नसते, पैसे नसतात, पण गाणंही आपलं आणि रेकॉर्डिंगही आपलं.

याचा अर्थ असा की लिलावात सीडी जिंकणाऱ्याला चकती मिळाली, बाकी काही नाही. ती तो यूट्यूबवर टाकू शकत नाही, तिच्या प्रती काढून विकू शकत नाही, हॉटेलात परवान्याशिवाय वाजवू शकत नाही. ५० हजार पौंडांत त्याला ऐकण्याचा हक्क मिळाला, ऐकवण्याचा नाही.

‘नको असलेलं काम मागे घेतो’ असं म्हणता येतं का?

थोडक्यात उत्तर: जवळजवळ नाही.

फ्रान्सच्या कायद्यात लेखक-कलावंताला प्रसिद्ध झालेलं काम मागे घेण्याचा हक्क दिलेला आहे. पण अट अशी की ज्याला आपण ते काम वापरायचे हक्क दिले होते, त्याला आधी नुकसानभरपाई द्यायची. आणि लोकांच्या घरात पोहोचलेल्या प्रतींवर हा हक्क चालत नाही.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ कर्त्याला दोन खास हक्क देतं. कामावर आपलं नाव असण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी मोडतोड रोखण्याचा. अमरनाथ सेहगल यांचा खटला यातला सगळ्यात गाजलेला. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं भित्तिशिल्प सरकारनं काढून टाकलं होतं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं निकाल सेहगल यांच्या बाजूनं दिला. शिल्पाचे उरलेले भाग त्यांना परत करायला सांगितले आणि भरपाईही दिली.

पण नीट बघा, सेहगल यांना काम जपायला हवं होतं. कायदा त्यांच्या मदतीला आला कारण ते वाचवा म्हणत होते. ‘माझं काम पुसा’ म्हणणाऱ्यासाठी कलम ५७ मध्ये काहीच नाही.

मग उरतो तो एकच मार्ग: कॉपीराइट वापरून नव्या प्रती रोखणं आणि जुन्या प्रती स्वतः गोळा करणं. शीरननं नेमकं हेच केलं. वीस प्रती असल्या तर ते जमतं.

जमत नाही त्याचंही उदाहरण आहे. अमेरिकी गायिका लाना डेल रेनं प्रसिद्ध होण्याआधी, २००६ च्या आसपास, मे जेलर या नावानं ‘सायरन्स’ नावाची गाणी रेकॉर्ड केली होती. फक्त आवाज आणि अकूस्टिक गिटार. ती तिनं कधी प्रसिद्ध केली नाहीत. २०१२ मध्ये तिचं नाव जगभर झालं आणि त्याच वर्षी अख्खा संच इंटरनेटवर फुटला. याआधी २०१० मध्ये तिचा एक अल्बम आयट्यून्सवर आला होता, तो थोड्याच काळात काढून घेतला गेला आणि त्याचे हक्कही तिनं परत मिळवले. कागदावर सगळं तिच्याकडे आहे. पण दोन्ही गोष्टी आजही चाहत्यांच्या हार्ड डिस्कवर आहेत. चकती विकत घेता येते, फाइल परत घेता येत नाही.

पण जुनं जपायला नको का? चाहत्यांची बाजू

इथपर्यंत वाचून वाटेल की चाहतेच खलनायक आहेत. तसं नाही. त्यांची बाजूही भक्कम आहे.

बॉब डिलनचं उदाहरण घ्या. १९६९ मध्ये ‘ग्रेट व्हाइट वंडर’ नावाची एक बेकायदा रेकॉर्ड बाजारात आली. तिच्यात त्याची १९६१ ची, म्हणजे पहिला अल्बम येण्याच्याही आधीची, कुणाच्या तरी घरी केलेली रेकॉर्डिंग होती. परवानगी नाही, पैसे नाहीत, सरळ चोरी. पण अशा चोरून फिरणाऱ्या रेकॉर्डिंगमुळेच लोकांना कळलं की कपाटात काय काय पडलंय. १९९१ पासून डिलनच्या कंपनीनं स्वतःच ‘बूटलेग सिरीज’ या नावानं जुनं काम काढायला सुरुवात केली. आज ती मालिका त्याच्या अभ्यासकांसाठी खजिना आहे.

मजेची गोष्ट म्हणजे कायदासुद्धा कधीकधी कपाट उघडायला लावतो. युरोपीय संघानं २०११ मध्ये ध्वनिमुद्रणाचं संरक्षण ५० वरून ७० वर्षं केलं, पण ते प्रसिद्ध झालेल्या रेकॉर्डिंगपुरतं. ५० वर्षांत प्रसिद्धच केलं नाही तर संरक्षण संपतं. म्हणून डिसेंबर २०१२ मध्ये डिलनच्या १९६२ च्या अप्रकाशित रेकॉर्डिंगचा एक संच युरोपात काढला गेला. फक्त १०० च्या आसपास प्रती. लोकांनी ऐकावा म्हणून नाही, तर हक्क टिकावा म्हणून. पुढच्याच वर्षी बीटल्सची १९६३ ची जुनी रेकॉर्डिंगही याच कारणानं आयट्यून्सवर आली.

आणि डेमो जपण्याचं आणखी एक कारण आहे, ते शीरनला स्वतःलाच पटलं. ‘शेप ऑफ यू’ची चाल चोरल्याचा आरोप त्याच्यावर झाला. एप्रिल २०२२ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानं तो फेटाळला. त्यानंतर त्यानं सांगितलं की आता मी गाणं लिहायला बसतो तेव्हा सगळं चित्रित करून ठेवतो. उद्या कुणी म्हणालं की ही चाल माझी, तर ती कशी सुचली हे दाखवता यावं म्हणून. मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही ‘थिंकिंग आउट लाउड’ प्रकरणात ज्यूरीनं त्याच्या बाजूनं कौल दिला. तिथे तर तो साक्षीदाराच्या जागी बसून गिटार वाजवून दाखवत होता.

म्हणजे एकच माणूस एकीकडे जुनी सीडी गोळा करतोय आणि दुसरीकडे प्रत्येक कच्चा खर्डा साठवतोय. हा विरोधाभास वाटतो, पण नाही. दोन्हीकडे मागणी एकच आहे: खर्डा असू दे, तो माझ्याकडे असू दे.

आजच्या तेरा वर्षांच्या मुलाचं काय?

शीरनच्या नशिबात एक गोष्ट होती, ती आजच्या मुलांच्या नशिबात नाही. २००४ मध्ये त्याच्याकडे डेमो पसरवायचा मार्ग एकच होता, सीडी. आणि सीडी मोजता येतात. किती काढल्या, कुणाला दिल्या, हे आठवतं. मावशीकडे एक, शाळेतल्या मित्राकडे एक. म्हणून वीस वर्षांनीही हिशेब लागतो: १९ माझ्याकडे, एक बाहेर.

आज तेरा वर्षांची मुलगी स्वतःचं गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करून इन्स्टावर टाकते. संध्याकाळपर्यंत ते व्हॉट्सॲपवर फिरतं, कुणी स्क्रीन रेकॉर्ड करतं, कुणी त्यावर मीम बनवतं. पंधरा वर्षांनी तिला ते नको असेल तर ती आपली पोस्ट काढू शकेल. बाकीच्या प्रती किती आणि कुठे, हे तिला कधीच कळणार नाही.

कायदा तिला मदत करतो का? थोडी.

युरोपच्या माहिती-संरक्षण कायद्यात, म्हणजे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआरमध्ये, माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे. लहानपणी ऑनलाइन सेवांना दिलेल्या माहितीचा त्यात वेगळा उल्लेख आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यानं २०१५ पासून १८ वर्षांखालच्यांना स्वतः टाकलेली पोस्ट काढून मागण्याचा हक्क दिला. पण दुसऱ्या कुणी तीच गोष्ट पुन्हा टाकली असेल तर ती त्यात येत नाही.

भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. त्यातही माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क दिलाय. पण एक ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटते. जी माहिती माणसानं स्वतःच सार्वजनिक केली, तिला हा कायदा लागू नाही. कायद्यानं उदाहरणही दिलंय ते सोशल मीडियावर आपली मतं लिहिणाऱ्या व्यक्तीचंच. म्हणजे तुम्ही स्वतः ‘पब्लिक’ करून टाकलेल्या गोष्टीसाठी हा कायदा ढाल म्हणून वापरता येईल, अशी आशा ठेवू नका.

मग उरतो पुन्हा कॉपीराइटच. तुमचं गाणं, तुमचं रेकॉर्डिंग दुसऱ्यानं न विचारता टाकलं असेल तर प्लॅटफॉर्मला तक्रार करता येते. भारतीय कायद्याच्या कलम ५२ नुसार लेखी तक्रार आली की प्लॅटफॉर्मनं ते २१ दिवस बंद ठेवायचं, आणि त्या मुदतीत न्यायालयाचा आदेश आला नाही तर ते पुन्हा सुरू करता येतं. मोठ्या प्लॅटफॉर्मवर ऑनलाइन तक्रारीची सोयही असते. उपाय आहे, पण प्रत्येक प्रतीमागे एक तक्रार. वीस प्रतींना ठीक आहे. वीस हजारांना?

आणि आता एआय

याच प्रश्नाला गेल्या दोन वर्षांत आणखी एक फाटा फुटलाय. गिटारवरचा साधा डेमो म्हणजे जवळजवळ उघडा आवाज. ढोल नाही, कोरस नाही, मागे पन्नास वाद्यं नाहीत. आवाजाची नक्कल करणाऱ्या एआय साधनांना असाच स्वच्छ आवाज लागतो. ऐकायला कच्चं वाटणारं रेकॉर्डिंग मशीनला मात्र पक्वान्न असतं.

याबाबत मुंबई उच्च न्यायालयानं महत्त्वाची पावलं टाकली आहेत. जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंगच्या आवाजाची एआयनं नक्कल करणाऱ्यांविरुद्ध न्यायालयानं अंतरिम मनाई केली. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही तसंच अंतरिम संरक्षण मिळालं. परवानगीशिवाय एखाद्या प्रसिद्ध गायकाचा आवाज कुणालाही काढता येईल असं साधन देणं हे त्या व्यक्तीच्या हक्काचं उल्लंघन आहे, अशी ही भूमिका आहे.

पण यातला ‘प्रसिद्ध’ हा शब्द महत्त्वाचा. हे हक्क आतापर्यंत नावाजलेल्या माणसांनी, मोठे वकील उभे करून मिळवलेत. सांगलीच्या किंवा चंद्रपूरच्या एखाद्या नव्या गायिकेचा पहिला डेमो कुणी वापरला, तर तिला सध्या तरी कॉपीराइट आणि प्लॅटफॉर्मची तक्रारपेटी यांवरच भागवावं लागेल.

मग पहिलं गाणं टाकायचंच नाही का?

टाकायचं. तेराव्या वर्षी गाणं लिहिणाऱ्याला ‘नको, पुढे लाज वाटेल’ असं सांगणं म्हणजे गाणंच थांबवणं. ‘स्पिनिंग मॅन’ काढला नसता तर ‘द ऑरेंज रूम’ आला नसता आणि तो आला नसता तर पुढचं काहीच नाही. फक्त चार गोष्टी आधी ठरवता येतात.

एक, सगळ्यांना ऐकवायचंय की वीस जणांना, हे ठरवा. यूट्यूबवर ‘प्रायव्हेट’ आणि ‘अनलिस्टेड’ असे पर्याय असतात. पहिल्या डेमोला तेवढे श्रोते पुष्कळ झाले. पुढे ‘पब्लिक’ कधीही करता येतं, पब्लिक केलेलं मागे नेता येत नाही.

दोन, मूळ फाइल तारखेसह जपून ठेवा. पोस्ट काढली तरी फाइल काढू नका. चाल तुमची होती हे उद्या दाखवायचं झालं तर तीच उपयोगी पडेल.

तीन, मित्राच्या स्टुडिओत रेकॉर्ड केलं असेल तर रेकॉर्डिंग कुणाचं, हे दोन ओळींत लिहून घ्या. मैत्रीत हिशेब कशाला, असं वाटतं. पण गाणं चाललं की पहिला वाद यावरच होतो.

चार, आई-वडिलांसाठी. मुलाचं गाणं त्याच्या आधी तुम्हीच सार्वजनिक पेजवर टाकता, तेव्हा विसावी सीडी तुम्ही वाटलेली असते. आधी त्याला विचारा. तेरा वर्षांच्या मुलालाही स्वतःचं मत असतं.

शेवटी

‘स्पिनिंग मॅन’ची ती विसावी प्रत आज कुणाच्या तरी कपाटात आहे. तो माणूस ती ऐकत असेल, नसेल. शीरन ती परत घेऊ शकत नाही आणि तो माणूस ती जगाला ऐकवू शकत नाही. दोघांचेही हात थोडे बांधलेले आहेत आणि कायद्यानं साधलेला हा तोल बराचसा न्याय्य आहे.

पण हा तोल वीस प्रतींच्या जगासाठी बनलेला होता. आपण आता त्या जगात राहत नाही. आपल्यातल्या बहुतेकांची ‘स्पिनिंग मॅन’ आधीच अपलोड झालेली आहे: जुनी कविता, जुना व्हिडिओ, रागाच्या भरात लिहिलेली पोस्ट. त्यांच्या एकोणीस प्रती आपल्याकडे नाहीत, आणि किती आहेत हेही माहीत नाही. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर दुसऱ्याची जुनी, कच्ची, त्याला नको असलेली गोष्ट हाती आली, तर ती पुढे पाठवायची की आपल्यापाशीच थांबवायची, एवढं तरी प्रत्येकाच्या हातात आहे.